आउटफिल्डरची कारकीर्द कशी वाचावी? इचिरो सुझुकीच्या आकड्यांवरून

बेसबॉल खेळाडूची सगळी कारकीर्द एका लांबलचक तक्त्यात मावते. दर हंगामाला एक ओळ, ओळीत वीस-पंचवीस रकाने आणि तळाशी गोळाबेरीज. क्रिकेटचे आकडे पाहत वाढलेल्या माणसाची नजर आपसूक दोन ठिकाणी जाते: सरासरी आणि होम रन (बहुधा थेट मैदानाबाहेर गेलेला फटका). आउटफिल्डरच्या बाबतीत नेमकी इथेच फसगत होते. मैदानाच्या मागच्या भागात उभ्या राहणाऱ्या या खेळाडूची निम्मी किंमत त्याच्या पायांत आणि खांद्यात असते, आणि ती या दोन रकान्यांत उतरत नाही.

नमुन्याला जपानी आउटफिल्डर इचिरो सुझुकीचा मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमधला, तक्ता घेऊ. १९ हंगाम, २,६५३ सामने, ३,०८९ हिट (ज्यावर फलंदाज सुखरूप बेसवर पोहोचतो तो फटका), ११७ होम रन, सरासरी .३११. पुढे ओपीएस प्लस नावाच्या रकान्यात १०७. म्हणजे फलंदाजीत तो आपल्या काळातल्या सरासरी खेळाडूपेक्षा सातच टक्के सरस. राइट फिल्डरसाठी हा आकडा बेताचाच, कारण त्या जागेवर संघ तगडे फटकेबाज उभे करतात. तरीही २०२५ साली हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनाच्या, मतदानात त्याला ३९४ पैकी ३९३ मतं पडली. १०७ आणि ३९३ या दोन आकड्यांचा मेळ घालता आला, की कुठल्याही आउटफिल्डरचा तक्ता वाचता येईल.

आधी जागा

तक्ता उघडल्यावर सर्वांत आधी मैदानातल्या स्थानाचा रकाना शोधा. तिथे शब्दांऐवजी आकडे असतात. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) २ अशी मोजणी सुरू होते आणि आउटफिल्डचे तीन आकडे शेवटी येतात: ७ म्हणजे लेफ्ट, ८ म्हणजे सेंटर, ९ म्हणजे राइट. ‘डी’ किंवा ‘डीएच’ दिसलं तर त्या सामन्यात खेळाडूने फक्त फलंदाजी केली. ज्या जागी जास्त सामने खेळला तो आकडा आधी लिहितात. म्हणून ‘९८’ आणि ‘८९’ यांचा अर्थ वेगळा.

सेंटर फिल्डरला सर्वांत जास्त जमीन राखावी लागते, त्यामुळे तिथे पाय हवेत. लेफ्ट फिल्डरची फेक तिघांत सर्वांत सोपी, कारण तिसरा बेस त्याच्या जवळ असतो. राइट फिल्डरचं काम खांद्याचं. पहिल्या बेसवर धावपटू आहे आणि फलंदाजाने राइटकडे साधा एक बेसचा फटका मारला, तर धावपटू दुसऱ्यावर न थांबता थेट तिसरा गाठू पाहतो. त्याला रोखायचं तर फेक मैदानाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला जायला हवी.

११ एप्रिल २००१ रोजी ओकलंडमध्ये हेच घडलं. आठवी इनिंग, पहिल्या बेसवर टेरेन्स लाँग. रामोन हर्नांडेझने राइटला हिट मारली आणि लाँग तिसऱ्याकडे निघाला. इचिरोने चेंडू उचलला आणि फेकला. चेंडू टप्पा न घेता, सपाट रेषेत, तिसऱ्या बेसवर डेव्हिड बेलच्या ग्लोव्हमध्ये आला. लाँग अजून घसरतच होता. आऊट. तक्त्यात या सगळ्याची नोंद एवढीच: असिस्टच्या रकान्यात १. हा रकाना कसा वाचायचा ते पुढे येईल. तूर्त इतकं लक्षात ठेवा, की आकडा ९ असलेल्या खेळाडूकडून खांद्याचा पुरावा मागायचा आणि आकडा ८ असलेल्याकडून पायांचा.

मग वय

वयाच्या रकान्यातला आकडा बहुतेक तक्त्यांत त्या वर्षीच्या ३० जूनपर्यंतचा धरलेला असतो. इचिरोचा जन्म २२ ऑक्टोबर १९७३ चा, म्हणून २००१ च्या ओळीत त्याचं वय २७.

आणि ती त्याची पहिलीच ओळ. आउटफिल्डरची पहिली ओळ २७ व्या वर्षी दिसली, की थांबून कारण शोधायचं. बहुतेक चांगले आउटफिल्डर २१ ते २४ च्या दरम्यान वर येतात. इथे कारण असं, की आधीचे नऊ हंगाम जपानच्या लीगमध्ये ओरिक्स ब्लूवेव्हकडून खेळून झाले होते. तिथे १,२७८ हिट आणि १९९४ ते २००० अशी सलग सात वर्षं पॅसिफिक लीगचं फलंदाजीचं विजेतेपद. पायांची धार साधारण विशीत सर्वांत तेज असते, फलंदाजी २६ ते २९ मध्ये बहराला येते. म्हणजे इचिरोच्या पायांची सर्वांत ताजी वर्षं या तक्त्यात नाहीतच.

इथे एक चूक हमखास होते. दोन्ही देशांतल्या हिट मिळवून ४,३६७ हा आकडा सांगितला जातो. बेरीज बरोबर आहे, पण तिची तुलना एकट्या मेजर लीगच्या आकड्यांशी करू नये. जपानमधले हंगाम छोटे असत (१९९४ मध्ये १३० सामन्यांत त्याच्या २१० हिट होत्या) आणि पिचरही वेगळ्या दर्जाचे. दोन रकाने शेजारी ठेवा, एकात ओतू नका.

ओळी मधूनच गायब असतील तर त्याचंही कारण पाहा. लेफ्ट फिल्डर टेड विल्यम्सच्या तक्त्यात १९४३, १९४४ आणि १९४५ नाहीत, कारण तो दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता. पुढे कोरियाच्या युद्धात १९५२ आणि १९५३ चा बहुतेक भाग गेला. एकूण होम रनची यादी वाचताना ही भोकं ध्यानात नसतील तर निष्कर्ष चुकतो.

फलंदाजीचे रकाने स्वतः मांडून पाहा

नुसते वाचून हे रकाने डोक्यात बसत नाहीत. कागद घेऊन एक हंगाम मांडा. २००४ घ्या. त्या वर्षी इचिरोने २६२ हिट मारून जॉर्ज सिस्लरचा १९२० मधला २५७ चा विक्रम मोडला.

एबी म्हणजे ॲट बॅट (वॉक वगैरे वगळून उरलेल्या फलंदाजीच्या संध्या): ७०४. एच म्हणजे हिट: २६२. भागाकार केला की .३७२. बेसबॉलमध्ये दशांशचिन्हाआधी शून्य लिहीत नाहीत. क्रिकेटच्या सरासरीशी याचा काही संबंध नाही. दर हजार प्रयत्नांत ३७२ वेळा हिट, असा याचा अर्थ. सर्वसाधारण फलंदाज .२५० च्या आसपास असतो आणि .३०० ओलांडणारा चांगला मानला जातो.

आता ऑन बेस, म्हणजे बेसवर पोहोचण्याचं प्रमाण. वॉक (पिचरचे चार चेंडू चुकल्याने फुकट मिळालेला बेस) ४९, अंगावर चेंडू लागून मिळालेले बेस ४. २६२ + ४९ + ४ = ३१५. खाली भागायला ७०४ + ४९ + ४ आणि सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होऊनही धाव मिळवून देणारे फटके) ३, म्हणजे ७६०. उत्तर .४१४. इथे एक बारीक गोष्ट दिसते: सरासरी आणि ऑन बेस यांत फक्त ४२ चा फरक. म्हणजे हा खेळाडू वॉकची वाट पाहत उभा राहत नव्हता, चेंडू बॅटला लावत होता. रिकी हेंडरसनसारख्या लेफ्ट फिल्डरच्या तक्त्यात हाच फरक १२० च्या पुढे असतो, कारण त्याच्या नावावर २,१९० वॉक आहेत. दोघंही डावाची सुरुवात करणारे, दोघांची रीत निराळी, आणि ती या एका वजाबाकीत सापडते.

स्लगिंगसाठी फटक्यांचे बेस मोजा. २६२ पैकी २४ दोन बेसचे, ५ तीन बेसचे, ८ होम रन. उरले २२५ एकेरी. २२५ + ४८ + १५ + ३२ = ३२०. ३२० भागिले ७०४ म्हणजे .४५५. ऑन बेस आणि स्लगिंगची बेरीज म्हणजे ओपीएस: .८६९.

स्लगिंगमध्ये अडकायला होतं ते इथे. .४५५ पैकी .३७२ निव्वळ सरासरीतूनच आली. सरासरी वजा केली तर उरतात .०८३, म्हणजे खरी ताकद तेवढीच. नुसती स्लगिंग पाहून कोणाला ताकदवान म्हणू नका. आधी ही वजाबाकी करा. आउटफिल्डच्या कडेला खेळणाऱ्या फटकेबाजांकडून .२०० च्या आसपास अपेक्षा असते.

ओपीएस प्लसमध्ये त्या वर्षाची लीग आणि घरचं मैदान यांचा हिशेब घालून १०० ला सरासरी धरतात. मैदानाचा हा हिशेब किती गरजेचा आहे, ते राइट फिल्डर लॅरी वॉकरकडे पाहिलं की पटतं. डेन्व्हरचं कूर्स फिल्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, आणि मैदान मोठं असल्याने हिट पडायला जागाही जास्त मिळते. वॉकरची कूर्सवरची सरासरी .३८१. या एका आकड्यामुळे मतदार वर्षानुवर्षं साशंक राहिले आणि हॉल ऑफ फेममध्ये तो दहाव्या, म्हणजे शेवटच्या संधीला, २०२० मध्ये गेला. पण मैदानाचा फायदा वजा केल्यावरही त्याचा ओपीएस प्लस १४१ उरतो. वॉकरच्या बाबतीत संशय रास्त होता, पण तो १४१ पाशी संपायला हवा होता.

हंगामाची लांबीही पाहा. १९९४ मध्ये राइट फिल्डर टोनी ग्विनची सरासरी .३९४ होती. सामने ११० आहेत, कारण ऑगस्टमध्ये संप झाला आणि उरलेला हंगाम रद्द झाला. २०२० च्या ओळीत ६० पेक्षा फार जास्त सामने कुणाचेच नाहीत, कारण महासाथीमुळे तो हंगाम ६० सामन्यांचाच ठरवला होता. छोट्या हंगामातल्या सरासरीला पूर्ण हंगामाचं वजन देऊ नये.

बेस चोरणं: दोन रकाने एकत्र वाचा

एसबी म्हणजे चोरलेले बेस (फटक्याविना, पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेले), सीएस म्हणजे चोरताना पकडलेला. पहिला रकाना एकटा वाचला तर फसाल. आऊट होणं हे एक बेस मिळवण्यापेक्षा बरंच महाग पडतं, म्हणून साधारण ७० ते ७५ टक्के यश नसेल तर चोरी संघाला तोट्यात नेते. इचिरोचे ५०९ यशस्वी, ११७ फसलेले. ६२६ पैकी ५०९ म्हणजे ८१ टक्के. २००६ मध्ये तर ४७ पैकी ४५. १०७ या आकड्यात चोरलेल्या बेसचा हिशेबच नाही. कोडं सुटायला इथून सुरुवात होते.

क्षेत्ररक्षण: इथे घाई नको

पीओ म्हणजे पुटआऊट, आउटफिल्डरच्या बाबतीत बहुतांश झेल. ए म्हणजे असिस्ट, ज्याच्या फेकीवर दुसऱ्याने धावपटू बाद केला ती नोंद. ई म्हणजे एरर. पुटआऊट आणि असिस्टच्या बेरजेला तिन्हींच्या बेरजेने भागलं की फिल्डिंगची टक्केवारी येते. .९९० वगैरे आकडा पाहून खूश व्हायचं कारण नाही. एरर लागते ती हाताशी आलेला चेंडू सुटला किंवा फेक चुकली तर. मंद पायांचा आउटफिल्डर चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, चेंडू त्याच्यापुढे पडतो, आणि नोंद होते फलंदाजाच्या हिटची. टक्केवारी स्वच्छच राहते. म्हणून टक्केवारीच्या आधी पुटआऊट आणि इनिंग पाहा. दर नऊ इनिंगना किती बळी मिळवले, हा हिशेब जास्त सांगतो. पण त्यातही अडचण आहे: संघाचे पिचर चेंडू जमिनीवर खेळायला लावणारे असतील, तर आउटफिल्डरकडे झेलच कमी येतात.

असिस्ट तर उलटा वाचावा लागतो. नव्या आउटफिल्डरच्या पहिल्या हंगामात असिस्ट जास्त आणि पुढे कमी होत गेले, तर खांदा ढिला पडला असं लगेच म्हणू नका. खांद्याची कीर्ती पसरली की धावपटू धावायचेच थांबतात. ११ एप्रिलची ती फेक पाहिलेल्या धावपटूंनी पुढे किती वेळा दुसऱ्या बेसवरच पाय रोवले, याची नोंद असिस्टच्या रकान्यात कुठेच होत नाही. आणि काळाचंही भान हवं. सेंटर फिल्डर ट्रिस स्पीकरच्या नावावर ४४९ असिस्ट आहेत, पण त्याच्या तरुणपणी, १९२० च्या आधी, चेंडू फार लांब जात नसे आणि तो दुसऱ्या बेसच्या बराच जवळ उभा राहत असे.

२०१५ पासून प्रत्येक मैदानावर चेंडू आणि खेळाडू या दोघांचा माग यंत्रं ठेवतात, त्यामुळे आताच्या खेळाडूंसाठी चांगली साधनं आहेत. धावण्याचा वेग फूट प्रतिसेकंदात देतात: सरासरी २७, आणि ३० म्हणजे अव्वल. झेलाची शक्यता मोजताना खेळाडूला किती अंतर कापायचं होतं, त्याला किती वेळ मिळाला आणि तो कुठल्या दिशेला धावला हे पाहतात. २५ टक्के किंवा त्याहून कमी शक्यतेचा झेल म्हणजे पंचतारांकित. आउटफिल्डर मागे पळत असेल तर तेवढंच अंतर जास्त अवघड धरलं जातं, आणि ते योग्यच आहे. डोक्यावरून जाणारा चेंडू ज्याने कधी पकडून पाहिलाय, त्याला हे सांगावं लागत नाही.

इचिरोचा बहर मात्र या यंत्रांच्या आधीचा. त्याच्यासाठी २००३ पासून मोजला जाणारा वाचवलेल्या धावांचा रकाना पाहावा. एका हंगामाच्या आकड्यावर विसंबू नका, तीन हंगामांची सरासरी घ्या. उत्तम क्षेत्ररक्षणासाठी मिळणारे गोल्ड ग्लोव्हचे पुरस्कार हा पूरक पुरावा. इचिरोला २००१ ते २०१० सलग दहा मिळाले. २०११ पासून हा पुरस्कार लेफ्ट, सेंटर आणि राइटला स्वतंत्र दिला जातो. त्याच्या दहा वर्षांत जागा न पाहता तीन आउटफिल्डर निवडले जात, आणि त्यात सेंटर फिल्डरांचाच भरणा असे. कडेला उभं राहून त्या तिघांत दहादा येणं जास्त कठीण होतं.

जागा बदलली की किंमत बदलते

आता पहिल्या रकान्याकडे परत या आणि वरून खाली एकदा नजर फिरवा. ८ चा ७ किंवा ९ झाला, मग ‘डी’ आला, हा आउटफिल्डरच्या उताराचा नेहमीचा रस्ता. वॉर (WAR: सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा संघाला किती विजय जास्त मिळवून दिले) या एकत्रित मापात याची रोख किंमत धरतात. प्रचलित हिशेबात पूर्ण हंगामाला सेंटर फिल्डरला अडीच धावा जास्त मिळतात, लेफ्ट आणि राइटच्या साडेसात धावा कापतात, डीएचच्या साडेसतरा. म्हणजे सेंटर सोडून कडेला जाणाऱ्याने फलंदाजीत काहीच गमावलं नाही तरी दहा धावा, म्हणजे जवळपास एक विजय, त्याच्या खात्यातून जातो.

इचिरो उलट्या दिशेने गेला. २००६ च्या उत्तरार्धात, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो राइटमधून सेंटरला आला आणि २००७ चा हंगाम तिथेच खेळला. या वयात बहुतेकांना सेंटरमधून हलवतात. अशी ओळ दिसली की तिच्याखाली रेघ मारून ठेवा.

बेस चोरी, क्षेत्ररक्षण आणि वर्षाला सातशेच्या आसपास फलंदाजीच्या संध्या घेणारं शरीर, हे सगळं जमेला धरलं की वॉर ६० च्या घरात जातं. १०७ पासून ३९३ पर्यंतची वाट ही अशी आहे.

बदल्या आणि करारांच्या नोंदी

आकड्यांच्या तक्त्याखाली व्यवहारांची यादी असते. तिच्यातले शब्द कळले नाहीत तर खेळाडू मधूनच खाली का गेला, ते समजत नाही.

ड्राफ्टनंतर, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडून घेतल्यावर, मुलगा रूकी, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए अशा पायऱ्या चढतो. संघाच्या ४० जणांच्या यादीत आला की त्याला ‘ऑप्शन’ लागू होतात: साधारणपणे तीन हंगाम संघ त्याला इतर संघांना न विचारता खाली-वर करू शकतो. तीन संपले, की खाली पाठवण्याआधी इतर संघांना त्याला घेण्याची संधी द्यावी लागते. जेमतेम फलंदाजी करणारा पण वेगवान, चौथा आउटफिल्डर म्हणून ठेवलेला खेळाडू २६ व्या-२७ व्या वर्षी अचानक तीन संघ बदलतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. ‘डीएफए’ म्हणजे ४० च्या यादीतून काढलं, आता सात दिवसांत बदली, मुक्तता किंवा खाली रवानगी ठरवायची.

सेवेचे १७२ दिवस म्हणजे एक वर्ष. साधारण तीन वर्षं झाली की पगार लवादाकडे नेता येतो, सहा झाली की खेळाडू मोकळा होतो. पैसा कधी वाढला ते यावरून लागलीच कळतं. मोठ्या नावासमोर मध्येच ट्रिपल ए ची तीन-चार सामन्यांची ओळ दिसली तर घसरण समजू नका. दुखापतीनंतर सरावासाठी पाठवलेलं असतं. २०१९ आधीच्या नोंदींत दुखापतग्रस्तांच्या यादीचं नाव वेगळं, ‘डिसेबल्ड लिस्ट’, असं होतं.

इचिरोच्या यादीत या पायऱ्या नाहीत. तो ‘पोस्टिंग’ने आला: सिॲटल मरिनर्सने नुसतं बोलणी करण्याच्या हक्कासाठी ओरिक्सला १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलर दिले, त्याचा पगार वेगळा. पुढची मोठी नोंद २३ जुलै २०१२ ची, न्यूयॉर्क यँकीजकडे बदली. त्या वर्षाच्या तीन ओळी दिसतील: सिॲटल ९५ सामने, यँकीज ६७ सामने आणि एकत्रित १६२. स्वतः बेरीज करताना तिसरी ओळ वगळा, नाहीतर तो हंगाम दोनदा मोजला जाईल.

शेवटच्या ओळी

उताराच्या ओळींवरून पटकन पुढे जाऊ नका. २०१५ ते २०१७ मायामीकडे तो चौथा आउटफिल्डर होता. २०१७ मध्ये १३६ सामने, पण ॲट बॅट १९६ च. सामने जास्त आणि ॲट बॅट कमी, म्हणजे बदली फलंदाज. त्यातल्या २७ हिट बदली फलंदाज म्हणून आलेल्या, विक्रमाला एकच कमी. त्याआधी ७ ऑगस्ट २०१६ रोजी कूर्स फिल्डवर तीन बेसचा फटका मारून त्याने ३,००० वी हिट पूर्ण केली होती. ४२ व्या वर्षी तीन बेस पळून.

२०१९ च्या ओळीत दोन सामने आहेत, दोन्ही टोकियोत. ॲट बॅट ५, हिट ०, सरासरी .०००. त्याआधीची कारकिर्दीची सरासरी ३,०८९ भागिले ९,९२९ म्हणजे .३१११ होती, त्यानंतरची ३,०८९ भागिले ९,९३४ म्हणजे .३११०. तीन आकड्यांत दोन्ही .३११. वय ४५, आणि स्थानाच्या रकान्यात ९.